दोन नावांचे रोप

ज्या परमेश्वराने मातीविना जगणारी रोपेही निर्माण केली आणि जो ती वाऱ्याच्या स्वाधीन करून निश्चिंत झाला, त्याला प्रथम वंदन. असे एक बाळरोप आज आमच्या तुळशीवृंदावनापाशी आले. त्या निमित्ताने, ते देणाऱ्या रशीदभाऊंविषयी चार शब्द लिहितो.

रशीदभाऊ चंद्रपुरात कूलर दुरुस्त करतात आणि आपल्या रोपांना स्कूटरवरून हवा खायला नेतात. ही रोपे परदेशी. हवेतूनच आपले पोषण घेतात. शहराच्या हवेत कोळसा फार, म्हणून भल्या सकाळी हँडलला आणि आरशांना ती तारेने बांधून भाऊ मोहर्लीच्या रस्त्याला लागतात. वाघ पाहायला निघालेले पर्यटक गाडी थांबवून आधी यांचे फोटो काढतात. मी एकदा या प्रभातफेरीचे प्रयोजन विचारले. म्हणाले, "पेट्रोल माझं, हवा त्याईची. तुमचं काऊन दुखून राह्यलं, गुरुजी?"

त्यांच्या घरी फवाऱ्याचे पाणी आधी रोपांना, मग पेला पाहुण्याला. एकदा त्या फवाऱ्यात माझ्या कपाळीचे गंध वाहून गेले, तर मला न्याहाळून म्हणाले, "तुमीबी ताजे दिसून राह्यले."

अशा रोपांचा शौक असलेल्या मंडळींनी मिळून रोपांचे एक खोके मागवले. त्यातील एका रोपाच्या चिठ्ठीवर एका बाजूस 'कॅपिटाटा' आणि दुसऱ्या बाजूस 'ब्रॅकिकॉलोस' असे लिहिलेले निघाले. दोन्ही जातींची पाने सारखीच. निवाडा फुलानेच व्हायचा. दांड्यावर मान उंचावून फुलले तर कॅपिटाटा, पानांच्या कुशीतच बसून राहिले तर ब्रॅकिकॉलोस. मी 'उन्नतशीर्षा' आणि 'ह्रस्वनाला' अशी नावे सुचवली. कोणी दखल घेतली नाही.

कोरपन्याच्या मंदाबाई कापसाची शेती सांभाळून हा छंद जोपासतात. त्या कॅपिटाटाच्या बाजूच्या. गडचिरोलीचे देवाजीभाऊ ब्रॅकिकॉलोसचे. हरेल त्याने सर्वांना वडाभात घालायचा. रोप रशीदभाऊंकडे ठेवले गेले आणि दर रविवारी त्यांच्या ओसरीवर शास्त्रार्थ होऊ लागला. मंदाबाई पानाची लव दाखवीत, देवाजीभाऊ त्यांना चष्मा बदलायला सांगत. रशीदभाऊ मात्र कोणाचीच बाजू न घेता चहा ओतीत आणि म्हणत, "बिलकुल घाई नाई."

एका शनिवारी मी प्रसाद द्यायला गेलो. पाय धुण्यासाठी न्हाणीघरात शिरलो, तर झरोक्यात ते रोप लपवलेले. पाने लालबुंद झालेली आणि त्यांच्या कुशीत जांभळी फुले, अगदी आईच्या पदराखाली बसावीत तशी. देवाजीभाऊ जिंकले होते.

मागे रशीदभाऊ उभे होते. भाभी अल्लाघरी गेल्या, मुलगी हैदराबादेस नांदते. त्या घरात एरवी कूलरच्या पंख्याखेरीज कोणाचा आवाज नाही. हळूच म्हणाले, "गुरुजी, उद्या कोनाले सांगू नका. नाव ठरलं तं मंग हे लोक काऊन येतीन इथी?"

असत्य मी बोलत नाही. रात्रभर मनन करून रविवारी गेलो. रोप ओसरीवर नव्हते. भाऊ आपणहून म्हणाले, हवा खाऊन थकलं, झोपलं आहे. देवाजीभाऊंनी माझे मत विचारले. शास्त्रार्थ घाईने संपवू नये, एवढेच मी म्हणालो, आणि ते सर्वस्वी सत्य होते.

निघताना मंदाबाईंनी मला फाटकाशी गाठले. "फूल मी मागच्याच रविवारी पाह्यलं, गुरुजी. हात धुवाले गेली होती. वडाभाताचं काई नाई, उद्याच घालतो. पन मंग रविवारी इथी याले कारन काय सांगू?"

मी मागे पाहिले. जिंकलेले देवाजीभाऊ रशीदभाऊंशी मोठ्याने भांडत होते, आणि रोप दाखवा असे त्यांनी दिवसभरात एकदाही म्हटले नव्हते.

त्याच रोपाचे हे पिल्लू आज माझ्या दारी आले आहे. रशीदभाऊंनी चिठ्ठी आठवणीने बांधली आहे, दोन्ही बाजूंना दोन्ही नावांची.

वाचकहो, तुमच्या घरीही असा एखादा न सुटणारा वाद सुखाने नांदो, आणि तो घालायला माणसे दर आठवड्याला येत राहोत.