सासऱ्यांचा कोट आणि उणे अठरा अंश

केमिकलचा एक थेंबही न वापरता मी अख्खं घर एका दिवसात चकाचक करून दाखवतो, असं मी शनिवारी जेवताना जाहीर केलं. बायको ताटातच बघत राहिली. सासऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला. मोठ्या कामाची सुरुवात ही अशीच होते! लोकांना आधी कळतच नाही.

आता मी काही हवेत बोलत नव्हतो. आमच्या ऑफिसात ‘विषमुक्त घर’ या विषयावर दोन तासांचं शिबिर झालं होतं. बाकीचे चहा-बिस्किटांपुरते आले आणि गेले. मी मात्र वहीभर टिपणं काढली. व्हिनेगर, खाण्याचा सोडा, लिंबाची सालं आणि जुनी वर्तमानपत्रं. बस्स! एवढ्या भांडवलावर कुठलंही घर स्वच्छ होतं. फिनेल, ॲसिड, डांबरगोळ्या हे सगळं मी एका पिशवीत बांधून गॅलरीत काढून ठेवलंसुद्धा.

“ऋतू बदलला की साफसफाई करायचीच असते,” मी म्हणालो. “फक्त या वेळी शास्त्रशुद्ध!”

“उद्या नको रे,” बायको म्हणाली. “उद्या पाचला बाबांचा सत्कार आहे.”

“पाचला ना? बारा वाजता मी हात धुऊन मोकळा!”

बाबा म्हणजे माझे सासरे. वर्षभरापासून ते आमच्याकडेच राहतात. पंचेचाळीस वर्षं टेलरिंग केलेला माणूस! समोर कोणीही आलं की आधी त्याचे खांदे बघतात, मग चेहरा. लग्न ठरताना त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि ते एकच वाक्य बोलले, “डावा खांदा अर्धा इंच खाली आहे.” त्यानंतर बारा वर्षांत माझ्याबद्दल त्यांनी आणखी काही मत दिल्याचं मला आठवत नाही. कधीतरी या माणसाच्या तोंडून आपलं कौतुक ऐकायचं, ही माझी जुनी इच्छा.

रविवारी सकाळी सहालाच मी कंबर कसली. पहिला नंबर सिंकचा. शिबिरातल्या बाईंनी सांगितलं होतं, जाळीत दोन चमचे सोडा टाका, वर अर्धी वाटी व्हिनेगर ओता. आता आमचं सिंक महिनाभर तुंबलेलं. त्याला दोन चमच्यांनी काय होणार? मी सोड्याचा पुडाच रिकामा केला आणि वर बाटली उलटी! सिंक गुरगुरलं, फसफसलं आणि उसळलं. फेस ओट्यावरून खाली उतरला आणि चहा घ्यायला आलेल्या बायकोच्या पावलांपाशी जाऊन थांबला.

“हे काय आहे?”

“निसर्ग!” मी म्हणालो.

खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्राने पुसल्या. काचा झकास निघाल्या, फक्त पांढऱ्या चौकटी छापील झाल्या. तोवर नऊ वाजले. सासरे केस कापायला गेले आणि त्यांच्या बुटांना पॉलिश करून आणायला बायकोही बाहेर पडली. घर माझ्या एकट्याच्या ताब्यात आलं! मला स्वस्थ बसवेना. मी सासऱ्यांच्या खोलीतलं जुनं कपाट उघडलं आणि आतून एक करडा पतंग फडफडत बाहेर आला.

मी मफलर उघडून बघितला. आरपार भोक! लोकरीच्या टोपीला दोन. कसर लागली होती हो कपाटाला! मी वही उघडली. पान अकरा: ‘कपड्यांना वास येत असल्यास व्हिनेगरच्या पाण्याचा हलका फवारा.’ पान बारा: ‘कसर मारण्यासाठी लोकरी कपडे फ्रीझरमध्ये ठेवावेत.’ दोन्ही उपाय एकदम केले की गुण दुप्पट येणार, हा माझा स्वतःचा शोध. ‘हलका’ हा शब्द मी नंतर वाचला.

कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक राखाडी कोट सापडला. बारा वर्षांत तो सासऱ्यांच्या अंगावर मी पाहिलेला नव्हता. सत्काराला घालायला आम्ही दिवाळीत दिलेला रेडिमेड ब्लेझर होता की! तो आपला समोर हँगरला लटकतच होता. म्हणजे हा कोट पडीक, आणि पडीक कपड्यातच कसर जास्त. मी त्याच्यावर असा फवारा मारला, असा मारला, की शेवटी बादलीतच बुडवणं सोपं गेलं असतं. पण मी निष्काळजी माणूस नाही! ओल्या कोटाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून आत चुरगळलेली वर्तमानपत्रं ठासून भरली, बाह्या भरल्या, सगळी बटणं लावली. कोट चांगला गरगरीत दिसायला लागला.

मफलर आणि टोप्या आमच्या फ्रीझरमध्ये मटाराला बाहेर काढून बसवल्या. कोट काही मावेना. मग मी तो उचलून तडक खाली गेलो. आमच्या इमारतीखाली आइस्क्रीमचं दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे थंडोबा म्हणतात. त्याला धंद्याइतकाच त्याचा स्वभावही कारण आहे.

“चार दिवस हा कोट तुमच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायचाय,” मी धापा टाकत म्हणालो.

थंडोबाने कोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग एक जांभई दिली.

“ठेवा. पिशवीत घाला पण.”

“नवीन प्लास्टिक मी वापरत नाही! तुमचीच एखादी जुनी द्या.”

त्याने आइस्क्रीमच्या मोठ्या ऑर्डरी पाठवायची जाड पांढरी पिशवी दिली. मी कोट आत घातला, तोंड बांधलं आणि फ्रीझरमध्ये तसल्याच पिशव्यांच्या शेजारी आडवा करून ठेवला. वर आकडा होता, उणे अठरा. एक विषारी गोळी न वापरता कसरीचा खातमा! मी शीळ घालत जिने चढलो.

दुपारी तीनला सासरे तयार व्हायला खोलीत गेले. केस कापलेले, दाढी गुळगुळीत. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मग बायकोचा आला.

“बाबांचा कोट कुठाय?”

“तो काय समोर!” मी ब्लेझर दाखवला.

“तो नाही! चादरीतला. राखाडी.”

“तो होय? तो सुरक्षित आहे. उणे अठराला.”

बायको मटकन पलंगावर बसली आणि मग मला जे कळलं, ते मला बारा वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं. टेलर मंडळात एक रीत आहे. ज्याचा सत्कार, त्याने स्वतःच्या हाताने शिवलेला कोट घालून मंचावर यायचं. तिथे तो उतरवायचा, आणि तीन ज्येष्ठ मास्तर त्याचा टाका न् टाका तपासणार. त्यांनी मान हलवली तरच पितळी कात्री हातात पडते. कोट नाही, तर कात्री नाही. गेल्या वर्षी एक जण रेडिमेड घालून आला होता, त्याला बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नाही.

सासरे नुसते कपाटातल्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“बाबा, दोन मिनिटांत आणतो!” म्हणून मी पायात येतील त्या चपला घालून जिना उतरलो. एक माझी होती, एक बायकोची.

“कोट!” मी दुकानात शिरत ओरडलो.

थंडोबाने फ्रीझर उघडला. आत वाकून पाहिलं. फ्रीझर रिकामा होता.

“गेला,” तो म्हणाला.

“गेला म्हणजे?”

“ऑर्डर होती. नऊ पिशव्यांची. दहा निघाल्या. म्हटलं असू दे, लोक जास्त आले तर कमी पडायला नको.”

“अहो, कुठे पाठवलीत?”

थंडोबाने डोकं खाजवलं. आधी डाव्या बाजूने, मग उजव्या. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

“सत्कार आहे म्हणे कुणाचा तरी. टेलर लोकांचा.”

टॅक्सीत आम्ही तिघे होतो. बायको दर सिग्नलला “काय माणूस आहेस रे तू!” एवढंच म्हणत होती. सासरे नुसत्या शर्टात, हात मांडीवर ठेवून सरळ बसले होते. मी टॅक्सीवाल्याला इतक्या वेळा “जरा लवकर” म्हणालो की शेवटी तो म्हणाला, “तुम्ही चालवता का?” सभागृहात पोचलो तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती.

स्वयंपाकघरात दहा पिशव्यांचा ढीग होता. मी पहिली सोडली. चॉकलेट! दुसरी, व्हॅनिला! तिसरी सोडताना आचारी धावत आला.

“ओ साहेब, जेवणानंतर आहे ते!”

“मला आइस्क्रीम नकोय, कोट हवाय!”

आचारी दोन पावलं मागे सरकला. सातव्या पिशवीत कोट निघाला. पण त्याला कोट म्हणायचं कसं? छाती पुढे, बाह्या बाजूला, कॉलर ताठ, आणि सगळा फळीसारखा कडक! मी बाही वाकवायला गेलो तर काडकन आवाज आला. बटण सुटेना. आतली वर्तमानपत्रंही दगड झालेली. तेवढ्यात माइकवरून सासऱ्यांचं नाव पुकारलं गेलं.

“आता?” बायको रडवेली झाली.

सासऱ्यांनी कोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, “जावईबापू, उचला.”

मी तो थंडगार कोट कवेत घेतला आणि त्यांच्या मागोमाग मंचावर गेलो. समोर दोनशे टेलर, म्हणजे चारशे डोळे, आणि सगळे माझ्या डाव्या खांद्यावर! मी कोट टेबलावर ठेवला आणि हात काढले. कोट उभा राहिला! आत माणूस नाही, हँगर नाही, तरी ताठ उभा. त्यातून पांढऱ्या वाफा निघत होत्या.

कोट अंगात का नाही, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. तिघे मास्तर उठले आणि कोटाभोवती फिरायला लागले. सगळ्यात थोरले मास्तर नव्वदीचे असतील. त्यांनी जाड चष्मा कपाळावर चढवला आणि खांद्यावर नखाने टकटक केलं.

“इस्त्री कोणाची?”

“जावयाची,” सासरे म्हणाले.

“कडक आहे!”

दुसऱ्या मास्तरांनी बटण उघडायचा खूप प्रयत्न केला. अखेर हात टेकले आणि म्हणाले, “काज बघा काय घट्ट बसलंय! आजकाल दोन महिन्यांत सैल होतात.” तिसऱ्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि आपल्याला यातलं काही कळत नाही हे कोणाला कळू नये म्हणून मान डोलावली. थोरले मास्तर अजून खांद्यापाशीच होते. पाठीमागून बघितलं, खालून बघितलं.

“आतापर्यंत मी शेकडो कोट बघितले,” ते माइकवर म्हणाले. “माणसाने तोलून धरलेले. माणसाविना उभा राहणारा हा पहिला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावरच्या दिव्यांची धग होतीच. कोटाची कॉलर हळूहळू पुढे कलली, मग छाती कलली, आणि सगळा कोट कमरेत वाकला. कोट नमस्कार करतोय म्हणून लोक उठून उभे राहिले! त्या गडबडीत टेबलाखाली साचलेलं पाणी कोणाच्या लक्षात आलं नाही. सासऱ्यांच्या हातात पितळी कात्री पडली. त्यांनी ती कपाळाला लावली. मी तर सरळ रडलो.

परत येताना टॅक्सीत मी म्हणालो, “बाबा, माझं चुकलं. न विचारता हात लावायला नको होता.”

सासरे मांडीवरची कात्री निरखत होते.

“दोन वर्षांत मी वाळलोय,” ते म्हणाले. “पंधरा दिवस रोज दार लावून तो कोट घालून बघत होतो. खांदे नुसते लोंबायचे. उसवून परत शिवला असता तर सुईची जुनी भोकं थोरल्यांनी तिथल्या तिथे पकडली असती. झोप नव्हती मला.” मग कात्री रुमालात गुंडाळत म्हणाले, “अंगात घालायची वेळच आली नाही. फार बरं केलंत.”

बायको माझ्याकडे बघतच राहिली. आणि मी? माझी छाती त्या कोटापेक्षा जास्त फुगली असेल! घरी पोचल्या पोचल्या सासऱ्यांनी टेप काढली.

“उभे राहा, जावईबापू. माप घेतो तुमचं.”

निवृत्तीनंतर त्यांनी कोणासाठी एक टाका घातला नव्हता, आणि आता माझ्यासाठी शिवणार होते! मी श्वास रोखून उभा राहिलो. ऑफिसात चौघांना फोन करून सांगितलंसुद्धा. आठ दिवस मशीन चाललं. नवव्या दिवशी त्यांनी कोटाची घडी माझ्या हातात ठेवली. जाड कापड, दुहेरी शिवण, मापाला अगदी तंतोतंत! मी मोठ्या ऐटीत हात घातले, पण ते बाहेर येईनात. बघतो तर दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून बंद केलेली.

“साफसफाईच्या दिवशी घालायचा,” सासरे शांतपणे म्हणाले. “सकाळपासून.”

त्याची बटणं पाठीला आहेत, ती बायकोच लावते. तेव्हा अक्षर ओळखीचं वाटलं नाही तर गोंधळू नका. हे सगळं मी तोंडाने सांगतोय आणि ती लिहून घेतेय, कारण आमच्याकडे आज साफसफाई चालू आहे.