मोहिते कोण म्हणून येतात

काम लवकर संपावं म्हणून मी मेलेल्या माणसांचा नियम काढून टाकला. हेतू वाईट नव्हता. वाईट हेतूलाही थोडी अक्कल लागते.

नियम मोहित्यांचा होता. मोहिते म्हणजे आमच्या मरोळच्या ऑफिसातलं एक महागडं फर्निचर. आमचा धंदा सांगायला सोपा आहे: एका दुकानाच्या कॉम्प्युटरने पाठवलेली ऑर्डर दुसऱ्याच्या गोदामातल्या कॉम्प्युटरला समजली पाहिजे. मधले दुभाषे आम्ही. मी प्रोग्राम लिहितो. मोहिते 'व्यवहाराचा संदर्भ' मांडतात. म्हणजे माल कोण मागवतंय, कोणासाठी, कुठल्या धंद्यात, कशासाठी, हे सगळं ठरल्याशिवाय ते मला एक ओळ लिहू देत नाहीत. "माल तोच असतो रे पाटकर, संदर्भ बदलला की व्यवहार बदलतो." हे वाक्य त्यांनी आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो होतो तेव्हाही ऐकवलं होतं.

आता धंद्याची सवय अंगात मुरते, मान्य. पण न्हाव्याने पंगतीत बसल्यावर शेजाऱ्याचं डोकं धरू नये. मोहिते धरतात. ऑफिसातला चहावाला विचारतो, "साहेब, साखर किती?" हे म्हणतात, "कोणाच्या संदर्भात? डॉक्टरांच्या की माझ्या?" रिक्षावाला विचारतो, "किधर?" हे सांगतात, "स्टेशन. लेकिन गाड़ी नहीं पकड़ने का है, चप्पल सिलाने का है." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतो. मी बाहेर बघतो. त्या दिवशी त्याने आम्हाला बरोबर चप्पल शिवणाऱ्याच्या पुढ्यात उतरवलं, पण हा भाग मी ऑफिसात कधी सांगत नाही. किस्सा पडतो.

दुर्दैवाने ते शेजारीही आहेत. जोगेश्वरी पूर्वेला आमची एकच सोसायटी. मुलीच्या बारशाचं बोलावणं द्यायला गेलो, तर दारातच प्रश्न: "मी कोण म्हणून येऊ? ऑफिसातला म्हणून की शेजारी म्हणून?"

मी थट्टेने म्हटलं, "शेजारी म्हणून या."

तर गृहस्थ पाकीट न आणता, डोक्यावर चार प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आले. पाहुणे गेल्यावर थांबले आणि हॉल पुसून गेले. बायको अजून म्हणते, सगळ्या बारशात कामाचा माणूस तेवढाच. बायकोला मोहिते आवडतात. तिला एकेकाळी मीसुद्धा आवडलो होतो, त्यामुळे तिच्या पारखीवर माझा विश्वास नाही.

मोहिते एकटेच राहतात. आई होती, बरीच वर्षं अंथरुणावर. ती गेली तेव्हा मी भेटायला गेलो होतो. ऑफिसातला म्हणून. दारात उभा राहिलो, 'काही लागलं तर सांगा' म्हटलं आणि ते काही सांगायच्या आत निघालो.

तर तो नियम. घाटकोपरचे एक शेठ रुग्णोपयोगी साहित्य भाड्याने देतात. चाकाची खुर्ची, वॉकर, अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी हवेची गादी. मोबाईलवरून मागवायचं, काम झालं की परत करायचं. त्यांची यंत्रणा भिवंडीच्या गोदामाशी जोडून द्यायची होती. मोहिते 'परत' या एकाच गोष्टीवर अंडी उबवत बसले.

"परत म्हणजे परत हो," मी म्हणालो.

"नाही. पेशंट बरा झाला म्हणून परत, ते वेगळं. वस्तू पसंत नाही म्हणून परत, ते वेगळं. आणि माणूस गेला म्हणून परत असेल तर काही विचारायचं नाही. टेम्पो पाठवायचा आणि गप्प बसायचं."

"टेम्पो तर तिन्ही वेळा तोच जाणार ना?"

"टेम्पो तोच. पण त्याच्या आधी फोन जातो."

ही अख्खी कैफियत मी कँटीनमध्ये नकलेसकट सादर केली. लोक घास थांबवून हसले. मग मोहिते रजेवर गावी गेले, आमच्या ऑफिसच्या मॅडमनी घाई लावली आणि मी तिन्ही 'परत' एकात घातले. काम मुदतीच्या आधी सुरू झालं. मॅडम "झकास" म्हणाल्या. मी कॉलर ताठ केली.

मग मुलुंडच्या एका बाईंनी गादी परत न्यायला सांगितलं. त्यांचे यजमान गेले होते. यंत्रणेने कारण विचारलं: पसंत नाही, माप चुकलं, की दुसरीकडे स्वस्त मिळाली? एक निवडल्याशिवाय टेम्पो हलेना. बाईंनी फोन लावला, तर पलीकडच्या मुलीने पडद्यावर दिसलं ते वाचलं: "पेशंटना आमची गादी का आवडली नाही?" वर मोबाईलवर निरोप: नाराज होऊ नका, पुढच्या गादीवर घसघशीत सूट.

बाई शेठना एकच वाक्य बोलल्या. शेठ मॅडमना पुष्कळ बोलले. मॅडमनी मला बोलावलं. "पाटकर, वाट लावलीस ना. हा क्लायंट गेला तर पहिली तुझी खुर्ची जाणार. आजच्या आज जा आणि ती गादी स्वतः उचलून आण."

मोहिते त्याच सकाळी रजेवरून आले होते. मी प्रवचनाची तयारी ठेवली. त्यांनी फक्त बॅग परत खांद्याला अडकवली. "चल."

खाली रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?"

"मुलुंड," मोहिते म्हणाले. एवढंच. मी दोनदा त्यांच्याकडे बघितलं.

बाईंनी दार उघडलं तेव्हा आतून घूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. खाटेवर गादी, गादीवर सुरकुती नसलेली चादर, आणि पायथ्याशी पंप चालू. गादी रिकाम्या खाटेवर हवा भरत आणि सोडत होती.

मी तोंडातल्या तोंडात माफीचं भाषण जुळवत होतो. मोहित्यांनी चपला काढल्या आणि ते खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. ज्या माणसाने आयुष्यात साखरेलासुद्धा संदर्भ विचारला, त्याने एक प्रश्न विचारला नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या. मोहित्यांनी पंपावर हात ठेवला.

"आमच्याकडे पण चालूच होता," मोहिते म्हणाले. "आई गेल्यावर. बरेच दिवस."

बाई म्हणाल्या, "बंद केला की घर एकदम..."

"हो."

"मला नाही जमत. तुम्हीच करा."

मोहित्यांनी बटण दाबलं. मग आधी चादर काढली, चार घड्या घालून बाईंच्या हातात दिली. "ही तुमची." जमिनीवर गुडघे टेकले आणि उशाकडून तळव्यांनी हळूहळू हवा काढत आले, अजून कोणीतरी झोपलंय आणि उठता कामा नये, अशा बेताने.

मी हॉलच्या मध्यावर उभा. आपणही काही उपयोगी करावं असं वाटून विचारलं, "मॅडम, याचा ओरिजिनल खोका आहे का?"

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग मोहित्यांना विचारलं, "हे कोण?"

मोहिते मान वर न करता म्हणाले, "हमाल म्हणून आलेत. त्यांना बोलायचं काम नाही."