जसाच्या तसा निरोप

नामदेवरावांनी सुलतान बाजारातून परस्पर जांभळे पडदे आणले आणि काचीगुड्याच्या त्या घरात अबोला सुरू झाला. नऊ दिवस झाले, नवरा-बायको बोलत होते ते सुनेमार्फत.

सून योगिनीची नोकरी मिडलवेअरची. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन सॉफ्टवेअरच्या मध्ये बसायचं, एकाचा निरोप घ्यायचा, दुसऱ्याला पचेल असा बदलून पोचवायचा आणि पोच घ्यायची. ऑफिसात हेच, घरीही हेच. फक्त घरचं बिनपगारी.

"त्या माणसाला सांग, ताट वाढलंय, गिळा म्हणावं!"

"बाबा, आई जेवायला बोलावतायत."

"तिला सांग, मी काय उपाशी मरत नाही!"

"आई, बाबा येतायत."

असा प्रत्येक निरोप धुऊनपुसून पलीकडे जाई. भांडण वाढत नव्हतं, पण मिटतही नव्हतं. त्यात सोमवारी योगिनीला आठ दिवस पुण्याला जायचं होतं. मग सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळीची आठवण कोण करून देणार, या काळजीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

शुक्रवारी मीटिंगमध्ये असताना तिच्या मोबाइलवर सासूबाईंचा, कुसुमताईंचा, आवाजी निरोप आला. स्वयंपाकघरातून, हॉलमधल्या नवऱ्यासाठी. तो ऐकून गोड शब्दांत सासऱ्यांना लिहायचं, हा रोजचा शिरस्ता. पण नेमका साहेबांनी प्रश्न विचारला आणि घाईत तिच्या हातून तो आहे तसाच सासऱ्यांना गेला.

बाहेर येऊन तिनं ऐकला. "त्या हेकट माणसाला सांग, सकाळची गोळी तशीच पडलीय. पडदे काय, अख्खं घर जांभळं करा म्हणावं! पण मला एकटीला टाकून जाऊ नका. मी मग भांडू कोणाशी?"

योगिनीनं कपाळावर हात मारला. नामदेवरावांचं उत्तर नाही. फोन केला, उचलेनात. रिक्षा करून ती धापा टाकत घरी पोचली.

हॉलमध्ये नामदेवराव स्टुलावर उभे राहून पडदा लावत होते.

"अहो, डावीकडून खाली आलाय!"

"हौ, दिसतंय मला!"

"बाबा, गोळी?" योगिनीनं दारातूनच विचारलं.

"घेतली. हिनंच हातावर ठेवली." त्यांनी पडद्याची एक कडी सरकवली. "पोरी, नऊ दिवस तिचे निरोप इतके गोड येत होते, मला वाटलं, आता हिला माझा रागसुद्धा येत नाही."

योगिनीला बरं वाटलं आणि वाईटही. नऊ दिवस आपण नेमकं कामाचं तेवढं गाळत होतो.

"योगिनी, त्यांना सांग, खाली उतरा म्हणावं," कुसुमताई सवयीनं म्हणाल्या.

योगिनीनं तोंड उघडलं, मिटलं आणि ती चहा टाकायला आत गेली.