वाढत्या अंगाची सायकल

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे वझे महिन्यातून एखाद्या शनिवारी वाळवंटात जातात. जाताना दोन सायकली नेतात. माणूस एकच.

जपानमध्ये कसलं आलंय वाळवंट, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. ओसाकाहून गाडीने तीनेक तासांवर तोत्तोरी म्हणून गाव आहे, तिथे समुद्राकाठी वाळूचे मोठाले डोंगर आहेत. तिथले लोक स्वतःच सांगतात की हे वाळवंट नव्हे, नुसत्या वाळूच्या टेकड्या. पर्यटकांसाठी चार उंट ठेवलेत, तेही कंटाळलेले. आणि पाऊस इतका की 'डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका' अशी त्या भागात म्हणच आहे. पण वझ्यांची उमेदीची वर्षं ॲरिझोनात गेली. तिथल्या अस्सल वाळवंटात ते दर शनिवारी सायकल हाणायचे. "वहिनी, वाळू ती वाळू," असं म्हणून ते रेनकोट घालतात आणि वाळवंटात जातात.

इथल्या रेल्वेत सायकल नेता येते, पण चाकं काढून, खास पिशवीत, पूर्ण झाकून. पूर्ण म्हणजे पूर्ण. वझे माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे निखिलच्या संस्थेत धातुशास्त्रज्ञ आहेत आणि नियम हा त्यांचा जीव की प्राण. "हँडलचं टोकसुद्धा बाहेर दिसता कामा नये. आपण पाहुणे आहोत इथे." दोन पिशव्या एकदम उचलत नाहीत, म्हणून स्टेशनवर त्यांचं ते वाघ, शेळी आणि गवताच्या पेंढीचं कोडं चालू असतं. एक पिशवी जिन्यावर ठेवायची, दुसरीसाठी परत यायचं, दुसरी पुढे न्यायची, पहिलीकडे परत जायचं. मी एकदा विचारलं, एकच का नेत नाही? तर म्हणाले, "कोणी येतो म्हणालं तर?"

कोणी येत नसे. एकदा आलेलं माणूस पुन्हा येत नसे, त्याचं कारण पुढे सांगते.

२०११चा तो मोठा भूकंप आणि अणुभट्टीचा अपघात झाला, त्याच्या पुढच्या वर्षी वझे इथे आले. आमच्या ओळखीतली बरीच परदेशी मंडळी तेव्हा गाशा गुंडाळून गेली होती. माझी आई रोज फोन करून 'कधी निघताय' विचारायची. अशा वेळी हा गृहस्थ उलटा अमेरिका सोडून इकडे आला. का, तर म्हणे "जागा रिकाम्या होत्या." सामान म्हणजे दोन बॅगा आणि दोन सायकली. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, म्हणून मी काका म्हणायला गेले. "काका नको, मी अजून खेळतो," असं म्हणून त्यांनी मलाच वहिनी करून टाकलं.

शनिवार वाळूचा, तसा रविवार फुटबॉलचा. आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन. त्यातही कॉलेजातल्या पोरांचा. ॲरिझोनात ज्या कॉलेजात वझे नोकरीला होते, त्याचा संघ शनिवारी संध्याकाळी मैदानात उतरतो, तेव्हा इथे रविवारची सकाळ असते. मग आमच्या छतातून "जा, जा, जा! अरेरे!" असं ऐकू येऊ लागतं. खालच्या मोरिताबाईंनी मला एकदा फार अदबीने विचारलं, "रविवारी तुमच्याकडे पूजा असते का?" मी म्हटलं, असते.

हा खेळ त्यांनी मला समजावून दिला तो असा. "हुतुतू आणि आट्यापाट्या एकत्र करा, सगळ्यांना हेल्मेट घाला, आणि दर दहा सेकंदांनी खेळ थांबवून मीटिंग घ्या. चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चार संधींत दहा यार्ड सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार. नाहीतर बॉल गेला. म्हणून चौथी संधी आली की शहाणे संघ बॉल लाथेने लांब उडवून देतात. त्याला पंट म्हणतात. निदान शत्रू आपल्या दारात तरी नको."

"आणि तुमचा संघ?"

"आमचा संघ बहुतेक पंटच करतो."

यातूनच त्यांचं ठेवणीतलं वाक्य आलंय: 'बॉल अजून आपल्याकडे आहे.' निखिलचा शोधनिबंध परत आला की 'बॉल अजून आपल्याकडे आहे.' व्हिसाचं अडलं की तेच. एकदा आमच्या वॉशिंग मशीनने घरभर पाणी केलं. वझे दारात उभे राहिले, पाण्याकडे पाहिलं, "बॉल अजून आपल्याकडे आहे, वहिनी," म्हणाले आणि मोजे काढून फडकं पिळायला बसले. अशा माणसावर रागावायची सोय नसते.

आता ते कारण. एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर तोत्तोरीला गेले. मला व्यायामाची आवड नाही, पण निखिलने "तुला जमणार नाही" असं म्हटलं, मग इलाजच उरला नाही. वझ्यांनी मला दुसरी सायकल दिली. चांगली जाड टायरची, दांड्यावर निवडुंगाचं फिकट स्टिकर. पण सीट इतकी खाली की पॅडल मारताना माझे गुडघे कानांशी येत होते. उंटसुद्धा माझ्याकडे बघत होते.

"सीट जरा वर करा ना."

"ती सीट हलत नाही."

"हलत नाही, की हलवायची नाही?"

"हलत नाही," असं म्हणून ते टेकडीमागे दिसेनासेसुद्धा झाले. पुढचे चार दिवस मी जिना कठड्याला धरून उतरत होते. संस्थेतल्या ज्यांनी ज्यांनी ती सायकल चालवली, त्यांचा हाच अनुभव. माणूस बोलवायचा आणि सीट वर करू द्यायची नाही, याला आमच्याकडे विक्षिप्तपणा म्हणतात, आणि तो शब्द मी चारचौघांत मोकळेपणाने वापरत असे.

दिवाळीलाही वझे नसत. इथल्या मराठी मंडळींची दिवाळी सोयीने रविवारी होते, आणि सामना असला की वझ्यांचा पत्ता नाही. लोक नावं ठेवत. त्यात मी पुढे. एका वर्षी मात्र मला राहवलं नाही. कार्यक्रमाला निघण्याआधी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. लॅपटॉपवर सामना, समोर लाल स्वेटशर्टात वझे, आणि टेबलावर स्पीकर चालू केलेला फोन.

"तिसरी संधी, नऊ यार्ड," वझे म्हणाले.

"रन करतील," फोनमधून एका मुलीचा आवाज आला. मराठी, पण तिकडे वाढलेलं.

"नाही. पास."

"बाबा, हा कोच कधी पास देतो का?"

पडद्यावर कोणीतरी बॉल घेऊन पळालं आणि चौघांखाली गाडलं गेलं. "सांगितलं ना मी," आवाज म्हणाला. मग पुन्हा यार्ड, पुन्हा संधी. मी डबा धरून तशीच उभी. सामना संपला, अर्थात हरून. "नेक्स्ट वीक?" आवाजाने विचारलं. "नेक्स्ट वीक," वझे म्हणाले, आणि फोन बंद. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"रेवा," त्यांनी मला पाहून सांगितलं. "मुलगी माझी. आईकडे असते."

शंकरपाळे खाता खाता त्यांनी एवढंच सांगितलं की ते तिकडून निघाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दोन वर्षांनी भेटायला गेले. दोघं हॉटेलात जाऊन बसली आणि काय बोलायचं ते न सुचून मेनूकार्ड वाचत राहिली. निघताना तिनेच विचारलं, संघाचे सामने तिथून दिसतात का? तेव्हापासून हे.

मला तर वाईटच वाटलं. सीझन संपला की वझे डिसेंबरपासून तोंड पाडून बसत, ते मी हरण्यामुळे समजत होते. सीझन संपला की त्यांचं मुलीशी बोलणंच संपायचं. पुढचा ऑगस्ट उजाडेपर्यंत वाळू. आणि शनिवारी संध्याकाळी सोळा वर्षांची मुलगी घरात बसून राहते, तीही काही फुटबॉलसाठी नव्हे, हे मला कळलं. त्या दोघांना कळलं होतं की नाही, देव जाणे.

रेवा पुढे त्याच कॉलेजात गेली. पहिलं वर्ष संपलं आणि तिचा निरोप आला की मी जपानला येते. वझे खाली आमच्याकडे आले. आनंदी दिसतील असं वाटलं होतं. चहा निवून गेला तरी कपाला हात नाही.

"वहिनी, मेमध्ये सीझन नसतो."

"मग?"

"तिच्याशी बोलायचं काय?"

मी त्यांचंच औषध त्यांना दिलं. "बॉल अजून आपल्याकडे आहे."

"आठ वर्षं बॉल तिच्या आईकडे आहे," वझे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तोत्तोरीला जाऊ. तुम्ही दोघंही चला. तुम्हाला बोलायला येतं." हे कौतुक होतं की टोमणा ते मी विचारलं नाही.

रेवा आली. वझ्यांपेक्षा चार बोटं उंच. विमानतळावर ओळख पटावी म्हणून वझे मे महिन्यात लाल स्वेटशर्ट घालून गेले होते, आणि नेमका तसलाच तिनेही घातला होता. तेवढ्यावर दोन दिवस निभले. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं तोत्तोरीच्या गाडीत बसलो. बापलेक दोन खिडक्यांतून दोन दिशांना बघत होती आणि मधे माझी एकटीची टकळी चालू होती.

वाळूपाशी पोचून वझ्यांनी सायकली पिशव्यांतून काढून जोडल्या. रेवा दुसरीपाशी थबकली. निवडुंगाच्या स्टिकरवरून तिने बोट फिरवलं.

"ही माझी आहे."

"हो."

"सीट अजून तिथेच?"

"वाढत्या अंगाची घेतली होती," वझे म्हणाले. "तू वाढशील तशी वर करायची, म्हणून."

मग रेवाने हात पुढे केला. "ॲलन की?"

वझ्यांनी दिलेल्या त्या षटकोनी पान्याने स्क्रू सैल झाला, पण सीटचा दांडा तसूभर हलेना. वझ्यांनी वाळूकडे बघत शास्त्र सांगितलं. पोलादाच्या नळीत ॲल्युमिनियमचा दांडा, त्यात समुद्राची खारी हवा. वर्षानुवर्षं तसाच ठेवला की धरून बसतो. अधूनमधून तेल घालावं लागतं.

"मग घातलं का नाही? तुम्ही एवढे धातूंचे डॉक्टर!" मी म्हटलं.

"घातलं असतं तर हलली असती."

रेवाने बापाकडे बघितलं. मग सीट दोन्ही हातांनी धरली. "बाबा, तू फ्रेम धर. फर्स्ट डाऊन."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा निखिलही लागला, तरी नाही. तेल हवं होतं, आणि तेल एकाच ठिकाणी होतं. डबा विसरलात तरी चालेल म्हणणाऱ्यांचं काही ऐकू नये. मी डबा उघडला आणि आंब्याच्या लोणच्याचं तेल चमच्याने नळीच्या तोंडाशी सोडलं. तिसऱ्यांदा दांडा कुरकुरला आणि पुन्हा बसला. दोघंही घामाघूम झाली होती.

"फोर्थ डाऊन," रेवा म्हणाली. "पंट करायचं?"

वझ्यांनी स्वेटशर्टला हात पुसले. "नाही. खेळायचं."

दांडा निघाला तो असा किंचाळून की मागचा उंट उठून उभा राहिला. वझे वाळूत बसले होते, रेवा सीट हातात घेऊन पाठीवर पडली होती आणि हसत होती. हसताना ती अगदी वझ्यांसारखी दिसते. मग तिला शेजारी उभं करून वझ्यांनी सीट तिच्या कमरेशी लावून बघितली. "अजून वर," ती म्हणाली. "एवढी?" "अजून, बाबा."

मग दोघं टेकडीमागे गेली. पाऊस आला, आम्ही छत्रीत बसून होतो. बऱ्याच वेळाने त्यांचे आवाज आधी ऐकू आले, माणसं नंतर दिसली. वाट कोणी चुकवली यावरून भांडण चाललं होतं. दोघंही एकदम बोलत होती आणि कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

परतताना स्टेशनबाहेर वझ्यांनी चाकं काढून सायकली पिशव्यांत भरल्या. दुसऱ्या पिशवीची चेन लागेना. सीट वीतभर बाहेर.

"वझेसाहेब, सीट खाली करा ना. आता तर तेलही घातलंय."

"नाही."

"अहो, हँडलचं टोकसुद्धा..."

"नाही करणार, वहिनी."

त्यांनी अंगातला लाल स्वेटशर्ट काढून सीटवर पांघरला आणि ते नुसत्या बनियनवर फाटकापाशी गेले. अपेक्षेप्रमाणे फाटकावरचा रेल्वेचा माणूस पुढे आला. वाकून नमस्कार केला, त्या लाल उंचवट्याकडे अदबीने हात केला आणि हे काय आहे, असं विचारलं.

वझ्यांचं जपानी प्रयोगशाळेपुरतं. तेही खाली वाकले. "माफ करा," म्हणाले, आणि शब्द शोधत थांबले. मग म्हणाले, "मुलगी मोठी झाली."

त्या माणसाने आधी पिशवीकडे बघितलं. मग मान वर करून रेवाकडे बघितलं. वाकून त्याने स्वेटशर्टची लोंबणारी बाही स्वतःच आत खोचली आणि फाटक उघडून दिलं.