खालची हळद

आळे गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोपटअण्णांचं किराणा दुकान आहे. तिथे तुम्ही नोट दिलीत की अण्णा ती आधी नाकाला लावतात. डोळे मिटून, तपकीर ओढावी तशी. मग निकाल येतो. "ही कांद्याच्या चाळीतली. ही दवाखान्यातनं आली. ही लई दिवस कुनाच्या तरी चोळीत व्हती." समोर बाई असली तर हा शेवटचा निकाल ते गिळतात, एवढी लाज त्यांना आहे.

मी विज्ञानाचा मास्तर. एकदा मुद्दाम एटीएममधून निघालेली कोरी नोट त्यांच्या हातात ठेवली. अण्णांनी तोंड वाकडं केलं. "हिला अजून मानसाचा हात लागला न्हाई, गुरुजी."

अण्णांचा मुलगा चाकणला नोकरीला, त्यामुळे दुकान सून सुनंदाच बघते. तिने मोबाईलवर पैसे घेण्याचा कागद दाराशी चिकटवला. अण्णांनी त्यावर साबणाच्या जाहिरातीचं कॅलेंडर टांगलं.

"मामा, सुट्ट्यांची कटकट नाय, फाटकी नोट नाय, खोटी नोट नाय," सुनंदा म्हणायची.

"आन् रेंज गेल्यावर? गिऱ्हाइकाला काय बिनमिठाची भाजी खायला लावायची? मोबाईलच्या पैशाला वास न्हाई. कुनाच्या हातनं आला, काय कळतं?"

मला दोघांचंही पटायचं. हल्ली खिशात रोकड नसते म्हणून चोराची भीती नाही हे खरं, पण माझी बायको तुरीच्या डब्यात काही लपवू शकत नाही, आणि मी तिच्यापासून.

कागदापाठोपाठ बोलका डबा आला. भर दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, तो बाईच्या खणखणीत आवाजात बोले, "वीस रुपये प्राप्त झाले." कुणीतरी घरबसल्या पाठवलेले असत. अण्णा दचकून दाराकडे बघत. "कोन हाय?" मी खूप हसायचो.

हसणं थांबलं ते एका उन्हाळ्यात. ओझरला दर्शनाला निघालेला एक पाहुणा पाण्याची बाटली घ्यायला थांबला. अण्णांनी त्याची नोट हुंगली आणि बाटली दिलीच नाही. "पावणं, मागं फिरा. ही नोट ज्यांनी दिली त्यांच्याकडं जावा."

"आईनं दिली सकाळी, वाटखर्चाला. का हो?"

अण्णांनी नोट त्याच्या हातात परत ठेवली. पाहुणा 'येडं दिसतंय' म्हणत पुढे गेला. तासाभराने तोच परत आला. ओझरला पोचायच्या आत त्याला फोन आला होता. आई गेली होती. "तुमाला कसं कळलं?" त्याने विचारलं. अण्णांनी नुसते हात जोडले. मी योगायोग योगायोग असं घोकत घरी आलो, पण अंगावरचा काटा काही जाईना.

दिवाळी जवळ आली तशी सुनंदाने पाडव्यापासून नोटा बंद करायचं ठरवलं. पाटीही रंगवून आणली. त्या संध्याकाळी अण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"सहा वर्सं झाली, गुरुजी. लक्ष्मीपूजनाला आमच्या मंडळींनी दहाच्या नोटेला हळदकुंकू लावलं. पूजेची नोट गल्ल्यातच ठेवायची, मोडायची नसती. तिच्या पूजेच्या डब्यात येखंड असायचं, त्याचा वास समद्याला. मी गर्दीत ती नोट कुनाला तरी सुट्टे म्हनून देऊन टाकली. तिनं इचारलं, नोट हाय ना? मी म्हनलो, हाय. संक्रांतीला ती गेली." मग हळूच म्हणाले, "नोट फिरती असती. कदी तरी येईल. पन नोटा घ्यायच्याच बंद केल्या, तर ती येनार कुठनं?"

माणूस सहा वर्षं गावभरच्या नोटांत बायकोला हुंगत होता, आणि मी हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

मग मी एक लबाडी केली. एसटीत कंडक्टरने दिलेली दहाची जुनाट नोट घेतली, घरचं हळदकुंकू चोळलं आणि दोन दिवस वेखंडाच्या डब्यात ठेवली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काडेपेटी मागून ती पुढे केली.

अण्णांनी हुंगली आणि हसले. "हळद तुमच्या घरची हाय, गुरुजी."

मी चोरासारखा उभा. त्यांनी पुन्हा हुंगली. हसू ओसरलं. नखाने हळद खरवडून तिसऱ्यांदा हुंगली.

"कुठनं मिळाली?"

"एसटीत. कंडक्टरनं दिली."

"वरची हळद तुमची," अण्णा म्हणाले. "खालची तिची."

माझ्यावर दया करून ते तसं म्हणाले की काय, मला आजही ठाऊक नाही. दुकानात आम्ही दोघंच होतो. तेवढ्यात डबा बोलला, "दहा रुपये प्राप्त झाले."

अण्णा दचकले नाहीत. दाराकडेही बघितलं नाही. "हां, मिळाले," ते डब्याला म्हणाले, नोट गल्ल्याच्या तळाशी ठेवली, आणि आत हाक मारली, "सुनंदा, लाव तुजी पाटी."

ते दहा रुपये कुणी पाठवले, हे सुनंदाच्या मोबाईलमध्ये बघता आलं असतं. मी विज्ञानाचा मास्तर. मी बघितलं नाही.