खजुराच्या दिवसांतली मागणी

वाळवंटात यायचं तर कधी यावं, हे देद्दाहला विचारावं! अतार या वाळवंटातल्या आपल्या गावच्या बाजारात तो हे छाती ठोकून सांगायचा. त्यामुळे फिनलंडहून आइनोबाई आणि त्यांचे यजमान मुलासाठी त्याच्या लेकीला, मीमूनाला, मागणी घालायला येणार असं ठरलं, तेव्हा त्याने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये फोनवर बिनदिक्कत सांगितलं, "जुलैत या. त्याहून चांगला काळ नाही."

यात खोटं काय होतं? जुलैत खजूर पिकतो. सगळं गाव घरं बंद करून बागांमधल्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहायला जातं, खजूर खातं, साखर घातलेलं पातळ ताक पितं. लग्नंही तेव्हाच जमतात. ऊन असतं, पण त्याच्याकडे बघतो कोण?

तिकडे शिकणाऱ्या मीमूनाचा फोन आला तोवर तिकिटं निघाली होती.

"बाबा, काय केलंत हे? इथे पंचवीस अंशांना लोक उकडतंय म्हणून तळ्यात उड्या मारतात."

"आणि आपल्याकडे?"

"त्याच्या जवळजवळ दुप्पट."

देद्दाहने फोन ठेवला आणि झोपडीवर झावळ्यांचा आणखी एक थर चढवायला घेतला.

मीमूना पाहुण्यांना घेऊन बागेत पोचली, तेव्हा आइनोबाई टोमॅटोसारख्या लाल झाल्या होत्या. देद्दाहची बायको तेकबर त्याच्या कानाशी लागली. "विहीणबाईंना काही झालं, तर लग्नाच्या बकऱ्यावर मयताचं जेवण घाला."

बिचाऱ्याची झोप उडाली. विहिरीवरून बादल्या आणून तो झोपडीवर ओतत राहिला. भर दुपारी आत डोकावला, तर आइनोबाई डोळे मिटून ताठ बसलेल्या. घामाने निथळताहेत, पण हालचाल नाही.

"तेकबर, बाई गेल्या गं," तो रडकुंडीला आला. डोक्याचा फेटा सोडून, भिजवायला म्हणून तो बोडक्याने विहिरीकडे धावला. अर्ध्या वाटेवर खजुराची झाडं गरगर फिरू लागली.

शुद्धीवर आला तेव्हा डोक्यावर पाणी पडत होतं. ओतत होत्या आइनोबाई! त्या हसत काहीतरी म्हणाल्या आणि मीमूनाने सांगितलं, "बाबा, त्यांच्याकडे घरोघरी मुद्दाम तापवलेली खोली असते. घाम गाळायला तीत बसतात. इथे आयती मिळाली म्हणून खूश आहेत. लग्नही त्यांना पसंत आहे."

देद्दाहचा जीव भांड्यात पडला. आइनोबाई पुन्हा बोलल्या.

"आता तुम्ही तिकडे या म्हणतात. जानेवारीत. त्याहून चांगला काळ नाही म्हणे."

"तेव्हा तिथे कसं असतं गं?"

मीमूना खजुराची बी काढत बसली. "ते तळं सांगितलं ना, बाबा? तेव्हा त्याच्यावरून मोटारी जातात."

देद्दाह पुन्हा आडवा झाला.