अण्णांनी नापास केलेला टो-बार

बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये शेजारचे अण्णा दिवसातून दोनदा उतरायचे, आणि दोन्ही वेळा निराळा माणूस असायचे. सकाळचे अण्णा बनियन आणि जुन्या लेंग्यात, गाडीखाली शिरलेले. बाहेर फक्त पाय दिसायचे. जेवण आणि वामकुक्षी आटोपून येणारे अण्णा मात्र इस्त्रीच्या फुल शर्टात, खिशाला पेन, हातात टॉर्च आणि लाल खडू. हे दुपारचे अण्णा सकाळच्या अण्णांचं काम तपासायचे आणि नापास करायचे.

"कुठल्या गाढवानं आवळलाय हा बोल्ट?" असं ते खरोखर मोठ्यानं विचारायचे. पहिल्यांदा मी चाचरत म्हटलं, "अण्णा, सकाळी तुम्हीच तर..."

"माहीत आहे हो पुणेकर. पण करणाऱ्यानं तपासायचं नसतं. आमच्या कारखान्यात करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. इथे मी एकटा. मग काय करू? शर्ट बदलतो." एवढं बोलून त्यांनी बोल्टवर लाल फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी बनियनमध्ये येऊन तो निमूटपणे सोडवला. तपासनिसाबद्दल दोन शब्द पुटपुटले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

अण्णांच्या घराण्याला बेळगावाकडून बेंगळुरूला येऊन दोन पिढ्या झाल्या. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' आणि 'सरी' इतके मुरलेले, की हे शब्द कानडी आहेत असं सांगितलं तर रागावायचे. सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. इमारतीची लिफ्ट आधी एकदा रिकामी वर पाठवायचे आणि ती सुखरूप परत आली की मगच आत पाय ठेवायचे. माझ्याकडच्या वास्तुशांतीचा पेढा उजेडात धरून पाहिला होता आणि "सरी, चालेल" असं म्हणून तोंडात टाकला होता. त्यांच्याकडून 'चालेल' मिळणं म्हणजे पदकच. अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या स्वयंपाकाला मात्र ते कधी नाव ठेवत नसत. तेवढी अक्कल होती.

तर या अण्णांनी आपल्या जुन्या गाडीला स्वतःच्या हातानं टो-बार बसवायला घेतला. टो-बार म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी दांडा. गॅरेजवाल्याकडे द्या म्हटलं तर म्हणाले, "त्याचं काम तपासायला मला दुकानात उभं राहू देतो का तो? मग बेडा, नकोच ते." दांडा स्वतःच्या ड्रॉइंगप्रमाणे बोम्मसंद्र्याच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. बोल्टसाठी मेट्रोनं चिकपेटचा बाजार गाठला आणि एकेक बोल्ट पारखून घेतला. ट्रेलरसुद्धा करून आणला, त्याचे कागद रीतसर केले. त्यात एक गादी, उशी आणि छोटी खिडकी. तो पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभा राहिला आणि सोसायटीत कुजबुज सुरू झाली.

गादी अक्कांसाठी होती. अक्कांच्या पाठीचा मणका सरकलेला. तासाभराच्या वर बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. आणि त्यांची थोरली बहीण माई खानापूरकडच्या एका खेड्यात एकटी राहायची. माहेरचं म्हणून तेवढं एकच माणूस उरलेलं. माईंचं वय झालेलं, त्यांना घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. तेव्हा जायचं तर अक्कांनी. अण्णांचा बेत असा, की गाडी तासाभरानं थांबवायची, अक्कांनी मागे ट्रेलरमध्ये जाऊन पाठ टेकायची, मग पुन्हा सीटवर बसून पुढे निघायचं.

रोज संध्याकाळी दोघी बहिणींचा स्पीकरवर फोन व्हायचा. माझ्या गॅलरीत ऐकू यायचं. "येते गं माई. यांचा दांडा पास झाला की निघालोच." पलीकडून माई काहीतरी म्हणायच्या आणि दोघी खूप हसायच्या.

दांडा काही पास होत नव्हता. कधी भोक केसभर मोठं, कधी रंगाखाली गंजाचा संशय. एकदा सगळं जमलं. अण्णांनी मला ट्रेलर हलवायला लावला आणि स्वतः जोडावर तळहात ठेवून, डोळे मिटून बसले.

"प्ले आहे. जोड ढिला आहे."

"मला तर काहीच जाणवत नाही."

"तुम्हाला नाही जाणवणार. हिच्या पाठीला जाणवेल. ब्रेक मारला की हा दांडा गाडीला धक्का देणार, गाडी सीटला, सीट हिच्या मणक्याला." आणि फुली मारली. त्या दिवशी मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही.

तरी एकदा मी सुचवून पाहिलं, "अण्णा, रेल्वेनं न्या ना. बर्थवर अक्का निजूनच जातील."

"ते रूळ कुणी तपासले? मी तपासले का?"

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सोसायटीनं ट्रेलर हलवायची नोटीस लावली. अण्णांनी तीही वाचून त्यातल्या दोन चुका दाखवल्या.

एका सकाळी गाडीखाली पाय दिसले नाहीत. दांडा सुटा करून फरशीवर ठेवलेला, गाडीचा मागचा बंपर काढून भिंतीला टेकवलेला. वॉचमन म्हणाला, अक्कांची बहीण गेली. दोघं रिक्षा करून स्टेशनवर गेली.

तेरावा करून ती दोघं परतली. मी खाली गेलो तेव्हा अण्णा दांड्याजवळ पाटावर बसले होते. अंगात प्रवासातलाच चुरगळलेला शर्ट होता.

"अक्कांची पाठ कशी आहे?" मी विचारलं.

"छान आहे," अण्णा म्हणाले. "रेल्वेत चढल्या चढल्या बर्थवर आडवी झाली. रडत होती, मग झोप लागली. उशापाशी बसून होतो मी. एकही धक्का नाही हो. येतानाही नाही. इतका सरळ रस्ता तिकडे जायला, आणि मी..."

बराच वेळ ते चिंधीनं हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"माईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही हिला. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. शेजारच्या बाई सांगत होत्या, माईनं खालची खोली सारवून, खाट मांडून ठेवली होती. बहीण येणार, तिला जिना नको म्हणून."

"अक्का काही म्हणाल्या का?"

"बोल लावला नाही. मला म्हणते, तुम्ही माझ्यासाठीच करत होता ना." अण्णांनी चिंधी फरशीवर टाकली. "ओरडली असती तर सोसलं असतं. तिची पाठ दुखली असती ना पुणेकर, तर बरं झालं असतं. निदान मला म्हणता आलं असतं, की बघ, मी सांगत होतो."

बोलले आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरा पाट ओढला आणि त्यांच्या शेजारी बसलो. वर अक्का वाट बघत असतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण अण्णांना अजून वर जायचा धीर होत नव्हता.